कान्हाच्या कुरणातील पाला

आमच्या इकडील मराठी कुटुंबांत हिवाळ्याची सहल म्हटली की भेडाघाट किंवा पचमढी ही दोन नावे ठरलेली असतात. कान्हाचे राष्ट्रीय उद्यान जबलपूरपासून सुमारे १६० किलोमीटरांवर आहे. पण तिकडे जावयाचे म्हटले की मंडळी कां कूं करू लागतात. कारण विचारावे तर दोन उत्तरे मिळतात. एक, थंडी फार. आणि दुसरे, एवढे पैसे खर्चून वाघ दिसेलच याची हमी कोणी देत नाही. दोन्ही कारणे खरी आहेत. तरीही गेल्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पॅरिशमधील तीन कुटुंबांसह तेथे तीन दिवस घालविले. तेथे जे पाहिले व ऐकले, ते वाचकांपुढे ठेवण्याजोगे आहे असे वाटल्यावरून हा लेख.

निघण्याची वेळ पहाटे पाचची ठरली होती. मोटारीत चौदा माणसे, आणि माणसांहून गाठोडी अधिक. रजया, कानटोप्या, मफलर, चहाचे दोन थर्मास, तिळाचे लाडू, गुळपोळ्या आणि ठेच्याची ती एक बरणी, जिच्यावाचून आमच्या मंडळींचे प्रस्थान होत नाही. सोबत एक निवृत्त शिक्षिका होत्या. आमच्या येथील दोन पिढ्या त्यांच्याच हाताखाली भूगोल शिकल्या. वाटेतील प्रत्येक नदीचे नाव मुलांकडून वदवून घेतल्याखेरीज बाईंना चैन पडत नसे.

जबलपूर सोडून मंडल्याच्या रस्त्याला लागले की बरेला गावाजवळ नरई नाल्यापाशी राणी दुर्गावतीची समाधी लागते. अकबराचा सरदार आसफखान याच्या फौजेशी लढताना १५६४ साली ही गोंड राणी येथे कामी आली. उजाडत होते, गवतावर दहिवर इतके दाट की पायांतील वहाणा क्षणात भिजल्या. पुढे मंडला येईपर्यंत मोटारीच्या काचा आतून पुसत राहावे लागले. मंडल्याच्या किल्ल्याला नर्मदेने तिन्ही बाजूंनी वेढा दिलेला आहे. परंतु त्या सकाळी नदी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. गोंड राजांमागून हा किल्ला मराठ्यांच्या हाती आला, नागपूरकर भोसल्यांनी तो काही वर्षे सांभाळला आणि १८१८ साली इंग्रजांनी तो घेतला. या मुलखात मराठी वस्ती रुजली ती त्या अमदानीपासून, हे बाईंनी मुलांस सांगितले.

मंडल्यास नर्मदेला बंजर नदी येऊन मिळते. आमचा पुढील रस्ता याच बंजर नदीच्या मुलखातून, ती जेथून वाहत येते त्या मैकल डोंगरांच्या दिशेने जातो. बम्हनी बंजर हे बाजारगाव मागे पडले की शेते विरळ होतात, रस्त्याच्या कडेने उंच, सरळ सालवृक्ष उभे राहू लागतात आणि हवेतील गारवा निराळाच जाणवतो. दुपारी आम्ही खटिया येथे पोचलो. उद्यानाच्या मुख्य दरवाजांपैकी हा एक. दुसरे मुक्की व सरही.

संध्याकाळी शेकोटीभोवती बसलो असता दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर येणारा वाटाड्या भेटावयास आला. तिशीच्या आतबाहेरचा बैगा तरुण. खात्याचा खाकी गणवेश, गळ्यात ओळखपत्र. आभाळाकडे पाहून तो हिंदीत म्हणाला, "आज रात को पाला पड़ेगा." आमची मुले गोंधळली. मराठीत पाला म्हणजे झाडाची पाने. ती तर रोजच पडतात, त्यात सांगण्यासारखे ते काय? मंडल्याकडे मात्र पाला म्हणजे गोठलेले दहिवर. त्या एका शब्दात कान्हाच्या भूगोलाचे निम्मे रहस्य आहे, हे आम्हांस दुसऱ्या सकाळी समजले.

सूर्योदयाच्या सुमारास दरवाजा उघडतो. जिप्सी नावाच्या उघड्या मोटारींत सहा सहा माणसे बसतात. शिवाय चालक व वाटाड्या. छप्पर नाही, बाजूस काही नाही. वेग बेताचा असला तरी वारा नाकाकानांस झोंबतो, डोळ्यांतून पाणी येते आणि हाताची बोटे आपली आहेत की परक्याची, हे कळेनासे होते. प्रत्येकाने रजई गुंडाळून घेतली होती, तेव्हा आमची मोटार सहलीच्या मंडळींची नसून कोणा गादीवाल्याची असावी असे दिसत होते. पहिले दोन मैल केवळ सालवन. त्याची पाने सगळी एकदम झडत नाहीत, म्हणून जानेवारीतही रान हिरवे. रस्त्यावर मोरांच्या पावलांचे ठसे, कडेला वानरांचा एक कळप, अंगाचे मुटकुळे करून उन्हाची वाट पाहत बसलेला. वानरांच्या झाडाखाली चितळे होती. वानरे खातात त्याहून अधिक पाने खाली टाकतात, ती चितळांच्या तोंडी पडतात. शिवाय उंचावरील वानरांस हिंस्र पशू आधी दिसतो व त्यांचा ओरडा चितळांच्या उपयोगी पडतो. हा शेजारधर्म जंगलात सर्वत्र पाहावयास मिळतो.

आणि मग एकाएकी सालवन संपले. समोर विस्तीर्ण कुरण, आणि ते सबंध पांढरे! गवताच्या प्रत्येक पात्यावर बर्फाची बारीक कडा. मुलांनी आयुष्यात प्रथमच असले काही पाहिले. वाटाड्याने मोटार थांबवावयास सांगितली, कोणी बोलू नये अशी खूण केली. आणि त्या पांढऱ्या धुक्यातून लांबवर एक आवाज आला. मध्येच घोगरा, मध्येच तुतारीसारखा. बारशिंग्याचा नर साद घालीत होता. डिसेंबर-जानेवारी हा त्यांच्या मीलनाचा काळ. सूर्य थोडा वर येताच नर दिसू लागला. मान ताठ, शिंगांना फांद्यांवर फांद्या, आणि त्या शिंगांत उपटलेल्या गवताचे झुपके अडकलेले, जणू मुंडावळ्याच! माद्यांपुढे व प्रतिस्पर्ध्यांपुढे मिरविण्यासाठी नर असे गवत शिंगांवर चढवितात. त्याच्या मागे वीस-पंचवीस माद्या चरत होत्या. त्यांच्या श्वासाची वाफ दिसत होती.

हे कुरण येथे का आहे? भोवती सगळीकडे साल, मग मधोमध झाड का नाही? याचे एक उत्तर पाल्यात आहे. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते. तिच्या सान्निध्यातील हवा थंड होते, आणि थंड हवा जड असल्याने उतारावरून पाण्यासारखी वाहत येऊन खोलगट भागात साचते. म्हणून डोंगराच्या उतारावर थंडी सोसवेल इतपत असते, तर खालच्या मैदानात पारा शून्यापर्यंत व कधी त्याच्याही खाली उतरतो. सालाचे मोठे झाड हे सहन करते. त्याचे कोवळे रोप मात्र पाल्याने करपते. दर हिवाळ्यात पाला येऊन कुरणात शिरू पाहणारी रोपे मारून जातो. आम्ही ज्या गारठ्याला बोटे फुंकीत नावे ठेवीत होतो, तोच हे कुरण हरणांसाठी मोकळे राखण्यास हातभार लावीत होता.

दुसरे उत्तर माणसाचे आहे, आणि ते ऐकण्यापूर्वी या बारशिंग्याची कथा सांगावयास हवी. बारशिंगा हा वस्तुतः दलदलीचा प्राणी. तराईत व आसामात तो ओल्या गवताळ प्रदेशात राहतो व चिखलात रुतू नये म्हणून त्याचे खूर फाकलेले असतात. मध्य भारतातील त्याची शाखा मात्र टणक जमिनीवर राहावयास शिकली. तिचे खूर आवळलेले आहेत. या प्रांतात वनाधिकारी असलेल्या डनबार ब्रँडर यांचे नाव शास्त्रज्ञांनी या शाखेला दिले. हा प्राणी जवळजवळ केवळ गवतावर जगतो, आणि पाडसे लपविण्यास त्याला उंच गवत लागते. गुरांची चराई, गवताला लावलेल्या आगी, शिकार व रोगराई या सर्वांनी मिळून त्याचा घास घेतला. कान्हा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, तरी ऱ्हास थांबला नाही. १९७० साली गणना झाली तेव्हा या शाखेचे अवघे ६६ प्राणी उरले होते, आणि ते केवळ कान्हात. ते गेले असते तर पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे कोठेही ते नव्हते.

त्यानंतर जे झाले त्याची गणना भारतातील वन्यजीव-रक्षणाच्या मोठ्या यशांत होते. कुरणाच्या काही भागास कुंपण घालून आत बारशिंगे वाढविण्यात आले, आगी आवरण्यात आल्या, उंच गवत पुन्हा वाढू देण्यात आले. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, त्यातील पहिल्या नऊ वनांत कान्हा होते. आज तेथील बारशिंगे हजाराच्या घरात आहेत. सगळी अंडी एकाच टोपलीत नसावीत म्हणून २०१५ पासून काही प्राणी सातपुडा व्याघ्रप्रकल्पात व २०२३ पासून बांधवगडात नेण्यात आले. मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी म्हणून ज्याचे चित्र शाळेच्या पुस्तकात असते, तो एके काळी चार-पाच मोटारींत मावेल एवढाच उरला होता, असे आम्ही मुलांस सांगितले तेव्हा त्यांनी मोठ्या आदराने पुन्हा एकवार त्या नराकडे पाहिले.

कुरणाच्या मध्यभागी एक आंब्याचे झाड उभे होते. जुने, बुंध्याला गाठी आलेले. थोड्या अंतरावर दोन मोहाची झाडे. बाईंनी शिक्षकी नजरेने विचारले, "पाल्याने सालाची रोपे मरतात, मग येथे आंबा कोणी लावला?" वाटाड्या क्षणभर थांबला व म्हणाला, "आमच्या लोकांनी." येथे गाव होते. सौंफ, बिशनपुरा, गोरहेला, रौंदा ही जी कुरणांची नावे नकाशावर आहेत, ती पूर्वी गावांची नावे होती. खुद्द कान्हा हेही गावच. बारशिंग्याला गवत हवे होते, आणि गवत तेथे होते जेथे गावकऱ्यांची शेते व गुरे होती. १९६९ च्या सुमारास गावे हलविण्यास आरंभ झाला, आणि पुढील काही वर्षांत वीसहून अधिक गावे उद्यानाच्या गाभ्यातून बाहेर नेण्यात आली. शेतांवर गवत उगवले. गवतात बारशिंगे आले. आज वनखात्याची माणसे त्यातील घाणेरीची झुडपे व शिरू पाहणारी झाडे हातांनी उपटीत असतात, कारण नुसत्या पाल्याच्या भरवशावर कुरण राहत नाही.

आमच्या वाटाड्याचे आजोबा अशाच एका गावातून बाहेर आले. बाहेर जमीन मिळाली, पण ती खडकाळ; जवळ रस्ता आला, शाळा आली, नातू शिकला व वाटाड्या झाला. आता ते ऐंशीच्या घरात आहेत. नातू कामावरून परतला की दर हिवाळ्यात त्यांचा एकच प्रश्न असतो: आंब्याला मोहोर आला का? हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. विचारले म्हणून सांगितले. बाईंनी नंतर बराच वेळ कोणत्याही नदीचे नाव विचारले नाही.

बैगा हे या डोंगरांतील फार जुने रहिवासी. गोंडांच्या गावीही भूमीचे पूजन व सीमांचे रक्षण करण्यास बैगालाच बोलावीत. नांगराने धरणीमातेची छाती चिरावयाची नाही अशी त्यांची श्रद्धा. म्हणून झाडे तोडून, जाळून, त्या राखेत बी टाकावयाचे व काही वर्षांनी दुसरीकडे जावयाचे, ही त्यांची बेवर शेती. इंग्रजांच्या वनखात्यास ती खपली नाही, आणि १८९० साली एका छोट्या टापूपुरती, बैगाचक म्हणून, तिला मुभा ठेवण्यात आली.

त्यांची बाजू जगापुढे मांडणारा पहिला मोठा लेखक आमच्या वाचकांस एका कारणाने जवळचा वाटेल. व्हेरियर एल्विन हा अँग्लिकन धर्मसेवक १९२७ साली इंग्लंडहून पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला. पुढे शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती तरुणास बरोबर घेऊन तो १९३२ साली मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंडांत राहावयास गेला. चर्चशी त्याचे नाते पुढे तुटले. या लोकांशी जडलेले नाते मात्र टिकले. शामरावांनीही परधान जमातीवर पुस्तक लिहिले. एल्विनचा बैगांवरील मोठा ग्रंथ १९३९ साली निघाला, आणि त्यात त्याने एक विलक्षण सूचना केली: बैगांसाठी एक प्रकारचे राष्ट्रीय उद्यान असावे, जेथे सावकार, ठेकेदार व बाहेरचे कायदे यांपासून त्यांस आसरा मिळेल. तिच्यावर टीकेची झोड उठली. माणसांना प्राणिसंग्रहालयात ठेवता काय, असे लोक विचारू लागले. मालवणात जन्मलेले मुंबई विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ साली पुस्तक लिहून आदिवासींस वेगळे ठेवण्याच्या विचाराचा प्रतिवाद केला. एल्विनचा विचार मागे पडला. पुढे त्याच मंडला जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान खरोखरच झाले. ते झाले वाघ व बारशिंग्यांसाठी, आणि बैगांस त्यातून बाहेर पडावे लागले.

त्या रात्री शेकोटीपाशी आमच्या मंडळींत चांगलाच वाद रंगला. बँकेत काम करणारे एक गृहस्थ म्हणाले, "फादर, गावे हलविली नसती तर आज सकाळी आपण काय पाहिले असते? रिकामे माळरान." बाई म्हणाल्या, "आणि ज्यांनी जागा दिली, त्यांना कोणी विचारले होते का?" दोघांचेही म्हणणे टाळता येण्यासारखे नाही. १९७० सालचा ६६ हा आकडा डोळ्यांआड करता येत नाही. तसेच हेही विसरता येत नाही की, या मुलखात संस्थानिक व साहेब शिकार करीत. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत एका संस्थानिकाने कान्हाच्या परिसरात तीस वाघ मारले. रान राखावयाची वेळ आली तेव्हा मात्र घर सोडावयास सांगितले ते बंदूक नसलेल्या माणसाला. २००६ च्या वनाधिकार कायद्याने गावकऱ्यांची लेखी संमती आवश्यक केली. २००८ पासून प्रत्येक कुटुंबास १० लाख रुपये व २०२१ पासून १५ लाख असा मोबदला ठरला. तरीही २०१४ साली कान्हातून हललेल्या बैगांपैकी अनेकांनी आपली खरी संमती नव्हती, असे उघडपणे सांगितले. रोख रकमेने जमीन मिळतेच असे नाही, आणि ज्याने आयुष्यात बाजार फारसा पाहिला नाही त्याच्या हाती ती रक्कम किती दिवस टिकणार?

आमचे मत विचारण्यात आले, ते येथे नमूद करतो. बारशिंगा वाचला हे उत्तम झाले. त्याची किंमत ज्यांनी दिली ते या प्रांतातील सर्वांत गरीब लोक होते, आणि त्या कुरणापासून आज लाभ होतो तो मुख्यतः बाहेरच्यांना: आलिशान विश्रामगृहांच्या मालकांना, आणि आमच्यासारख्या रजई पांघरून येणाऱ्या प्रवाशांना. तेव्हा हिशेब अजून मिटलेला नाही. यापुढे एकही गाव त्याच्या मनाविरुद्ध हलू नये, आणि जे हलले त्यांच्या नातवंडांना त्या रानात सन्मानाचे काम पहिल्या हक्काने मिळावे, एवढे तरी न्यायाने व्हावयास पाहिजे.

राहिला वाघ. २०२२ च्या गणनेत कान्हात शंभरावर वाघ आढळले. आम्हांस एकही दिसला नाही. ओल्या मातीत ताटाएवढे ठसे दिसले, आणि तिसऱ्या सकाळी चितळाची तीक्ष्ण शीळ व मागोमाग वानरांचा ओरडा ऐकला. अर्धा तास सारे श्वास रोखून बसलो. गवत हलले नाही. मात्र श्रवण तालाच्या रस्त्यावर गव्यांचा कळप अगदी जवळून पाहिला. काळेभोर अंग, गुडघ्यापासून खाली पांढरे पाय, जणू मोजे घातलेले. हा श्रवण ताल म्हणजे दशरथाने श्रवणकुमारास बाण मारला तोच, असे तिकडील लोक सांगतात. एका वळणावर रानकुत्र्यांची टोळी उन्हात लोळत पडली होती. धाकट्या मुलाने परतीच्या वाटेवर जाहीर केले की वाघापेक्षा बारशिंगा चांगला, कारण तो लपत नाही.

ज्यांना जावयाचे असेल त्यांच्यासाठी थोडे व्यावहारिक. नागपूर, गोंदिया वा हैदराबादकडून येणाऱ्यांस बालाघाटमार्गे मुक्कीचा दरवाजा सोयीचा. इंदूर, ग्वाल्हेरकडील मंडळींस जबलपूरमार्गे खटिया. उद्यान पावसाळ्यात बंद असते. परवाने आगाऊ काढावेत आणि ज्या ओळखपत्रावर काढले तेच बरोबर न्यावे. डिसेंबर-जानेवारीत कानटोपी, हातमोजे व लोकरीचे पायमोजे यांवाचून पहाटे निघू नये. अंगात एक जाड कोट घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ लोकरी कपडे बरे, कारण दहा वाजता ऊन तापू लागले की एकेक काढता येतो. भडक रंग व अत्तरे घरी ठेवावीत. मोटारीतून खाली उतरू नये आणि चालकास वाघ दाखवच म्हणून घाई करू नये.

आणखी एक. गावातील बाजारात कोदो म्हणजे कोकणातील हरीक, व कुटकी ही बारीक धान्ये मिळतात. ती बैगा व गोंड शेतकऱ्यांकडून विकत घ्यावीत. आम्ही पाच किलो आणली. पॅरिशमधील दोन घरांनी त्याची खिचडी केली व पुन्हा मागणी केली आहे. वाटाड्यास बक्षिसी देताना हात आखडू नये, आणि कुरणात एकटे आंब्याचे झाड दिसले तर ते कोणाच्या अंगणातले, हे त्याला अवश्य विचारावे. आमचा वाटाड्या निरोप घेताना म्हणाला की यंदा मोहोर अजून आलेला नाही. पाला संपल्यावर येईल.